चार भोकांची गुंडी

थेक्ला, तुझं पत्र आलं तेव्हा मी गोदामात होतो,
बाबांच्या उंच स्टुलावर बसून
न विकलेल्या मालाची मोजदाद करत.
पाकिटावर रिगाचा शिक्का, आत सरकारी गरुड,
आणि तुझं तेच उजवीकडे कललेलं अक्षर,
ज्यात तू बावीस वर्षं
शिकागोच्या शिंप्यांना थकबाकीची आठवण करून दिलीस,
एकदाही आवाज न चढवता.

गावात अजून म्हणतात,
हावरकँपच्या पोरीनं राजदूतपद विकत घेतलं.
मी नाही म्हणत नाही.
सिनेटरच्या निवडणुकीचे चेक माझ्याच हातानं फाडलेत.
पण विकत घेतलेली वस्तू वापरता येतेच असं नाही,
हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक?
डझनांनी गुंड्या नेल्या लोकांनी,
काज करता आलं नाही.

तू लिहितेस, पहिलं वर्ष नुसतं उभं राहण्यात गेलं.
राष्ट्रगीतं, पुष्पचक्रं, हेरिंगच्या थाळ्या.
चेहरे लक्षात राहिनात,
म्हणून कोटांवरून माणसं ओळखू लागलीस.
शिंगाच्या गुंड्या म्हणजे नौदल,
प्लास्टिकवर सोनेरी मुलामा म्हणजे अर्थखातं,
आणि बंदरमंत्री ब्रेनत्सिस,
ज्याच्या अस्तनीवर एक गुंडी कायम लोंबकळत.

अकरा खलाशी त्याच्या बंदरात अडकलेले.
आपल्या झेंड्याचं जहाज, मालकाचं दिवाळं,
डेकवर बर्फ, आणि मंत्री म्हणतो, नियम.
मग त्या जेवणात गुंडी तुटली,
घरंगळत टेबलाखाली गेली,
आणि अमेरिकेची राजदूत गुडघ्यांवर बसून
चार देशांच्या बुटांमधून ती शोधून आली.
दिव्याशी धरून म्हणालीस,
ही आमची आहे. आमच्या नदीचा शिंपला.
माझ्या आजोबांनी कापलेला.

तो किती तरी वेळ बोलला नाही.
मग आईचा कोट निघाला, परदेशी पार्सलातून आलेला,
तीन हिवाळे, दोन बहिणी, एकच कोट.
सोमवारी खलाशी सुटले.

आणि पत्राच्या तळाशी, वेगळ्या शाईत,
"गुंडीला चार भोकं होती, ऑरिन."
बस, एवढंच.

आपण चार भोकांची गुंडी कधी केलीच नाही.
आजोबांचं यंत्र दोनच पाडायचं,
नवं घ्यायचा बाबांना जीव झाला नाही.
शब्द खाली पडू द्यायचा नाही, म्हणायचे ते,
गुंडी पडली तर उचलता येते.

दिवसभर मला वाटत राहिलं,
हे तुझं पहिलं खोटं, आणि तेही देशाच्या खर्चानं.
रात्री भांडी घासताना तो मार्च आठवला.
कटाईचा विभाग बंद केलास तो दिवस.
बासष्ट बाया, एकेकीला नावानं आत बोलावलंस.
एडा ब्रुमरला, जिचा अर्धा अंगठा आपल्याच करवतीत गेला,
म्हणालीस, नदीचं पाणी उतरलं की परत बोलावू.
मी दाराआड उभा होतो.
पाण्याचा काही संबंध नव्हता.
तेव्हाही तुझा आवाज चढला नव्हता.

एडा डबा झुलवत घरी गेली.
तिची मुलगी सांगते, शेवटपर्यंत
तिचा एप्रन इस्त्री करून खुंटीला होता.

तुला काय उत्तर लिहू?
नदीकाठचा शिंपल्यांचा ढीग अजून तसाच आहे.
गुंड्या जगभर गेल्या,
भोकं तेवढी आपल्याकडे राहिली.
पोरं ती डोळ्याला लावून पलीकडचं इलिनॉय बघतात.

येताना ती गुंडी घेऊन ये, असं लिहिलं होतं.
खोडलं.
त्यानं ती शिवून घेतली असेल आतापर्यंत,
घट्ट, चारही भोकांतून.